सायकल घेऊन बोटीत

भोरजवळच्या उत्रोलीहून आम्ही बोलतोय. बोलणारी एक असली तरी सांगणाऱ्या अकरा जणी आहेत, म्हणून सगळीकडं 'आम्ही'च म्हणणार. भाकरी थापता थापता ऐकत असाल तर थापत राहा, आमचं काही अडत नाही.

मागच्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गटाच्या बैठकीत एक प्रश्न निघाला. लग्न, दवाखाना, देव आणि बाजार ही चार कारणं सोडून कोण कुठं गेलंय? अकरा जणींत एकीचाही हात वर झाला नाही. एक जण म्हणाली, "पुण्याला मी वीसदा गेले असेन, पण पुणं नाही बघितलं. दवाखान्याचा जिना बघितला." हसलो खरं, पण नंतर थोडा वेळ कुणी बोललं नाही. त्या दिवशी प्रोसिडिंगच्या वहीत ठराव लिहिला: बचतीच्या हप्त्याला हात न लावता प्रत्येकीनं महिन्याला शंभर रुपये वेगळे टाकायचे आणि वर्षभरानं एक शहर बघायला जायचं.

शहर ठरलं पणजी. कारण सरळ आहे. आमच्यातल्या एकीच्या वन्सं पणजीला दिलेल्या आहेत, भाटले भागात, आणि त्यांच्या घराला वरची मोठी खोली आहे. राहायचा खर्च वाचला. वन्सं फोनवर म्हणाल्या, "या, पण गाडी करून फिरू नका. पणजी नदीवरचं गाव आहे. काठानं सायकल आणि पाण्यातून बोट, असं फिरलात तरच कळेल. आणि आमच्या फेरीबोटीला माणसाचे पैसे पडत नाहीत."

'गोवा' हे नाव काढल्यावर घराघरांत काय झालं ते सविस्तर सांगत बसत नाही. तुम्हाला अंदाज आहेच. "गटाच्या पैशानं गोवा?" असं चावडीवर दोन दिवस चाललं. आम्ही वही दाखवली. गटाच्या कर्जाचा एक हप्ता चुकलेला नाही, सहलीचं खातं वेगळं आहे, प्रत्येकीची सही आहे. हिशोब स्वच्छ असला की भांडण लांबत नाही, हे आम्ही गट चालवूनच शिकलोय. तरी दोघींच्या घरून शेवटपर्यंत नाहीच म्हणत होते. एकीच्या सासूबाईंनीच मुलाला सांगितलं, "जाऊ दे तिला. मी गेले नाही, तिला तरी जाऊ दे."

आता सायकल. अकरा जणींत सायकल येत होती चौघींना. आणखी दोघींना लहानपणी यायची. त्यातल्या एकीची सायकल दहावीनंतर विकून टाकली होती, "आता कुठं जायचंय?" म्हणून. तिनं सव्वीस वर्षांनी शाळेच्या मागच्या मैदानात मुलाच्या सायकलवर पाय टाकला. पहिल्या दिवशी पडली, दुसऱ्या दिवशी पडली, तिसऱ्या दिवशी मैदानाला तीन फेऱ्या मारून आली आणि म्हणाली, "अंगातच होती की गं." पोरं बघून हसायची, मग पोरांनीच मागून सीट धरायला सुरुवात केली. तमिळनाडूत पुदुकोट्टई म्हणून जिल्हा आहे. तिथं १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो खेड्यातल्या बायका अक्षरांबरोबर सायकल शिकल्या. दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या, शेतमजुरी करणाऱ्या बायका. त्यांची माहिती आम्ही बैठकीत वाचून दाखवली होती. त्यामुळं हसणाऱ्यांना सांगायला काहीतरी होतं.

असं ठरलं की सहा जणी सायकलनं फिरतील, पाच जणी बसनं येतील, आणि बोटीत सगळ्या एकत्र.

पण अकरातल्या एक जण, आमच्या सगळ्यांच्या मावशी, त्या म्हणाल्या, "मी गोव्याला येते. बोटीत बसणार नाही." कारण आम्हाला माहीत होतं. मावशींचं माहेर धरणाच्या फुगवट्याच्या पलीकडं आहे. आपल्या भोर-वेल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. भाटघर, नीरा-देवघर, तिकडं पानशेत, वरसगाव, गुंजवणी, एवढी धरणं आपल्या दोन तालुक्यांत. पाणी खाली जातं, आणि फुगवट्याकाठच्या माणसाला समोर दिसणाऱ्या गावाला जायचं तर होडी नाहीतर डोंगराला वळसा. मावशींच्या लग्नाआधी त्यांच्या चुलतभावाची होडी वाऱ्यात कलंडली. दोघं पोहून आले, तो आला नाही. तेव्हापासून होडीनं पाऊण तासाचं माहेर मावशी एसटीनं आणि पायी मिळून अर्धा दिवस घालवून गाठतात. तीस वर्षं झाली.

आम्ही म्हणालो, या तर खरं. काठावर बसा.

फेब्रुवारीत एका गुरुवारी रात्री शिरवळच्या फाट्यावरून गाडी पकडली आणि सकाळी पणजीला कदंब स्टँडवर उतरलो. तिथली एसटी म्हणजे कदंब. गोव्यावर राज्य करणाऱ्या जुन्या राजघराण्याचं नाव आहे ते, आणि त्यांची गाठ पुढं दुसऱ्या दिवशी पुन्हा पडली. स्टँडला लागूनच ओरेंची खाडी. सकाळी बघितली तेव्हा पाणी काठाच्या बरंच खाली, चिखल उघडा, बगळे फिरत होते. दुपारी जेवून परत आलो तर चिखल गायब, पाणी काठाला आलेलं. एक जण घाबरून म्हणाली, "वरनं धरणाचं पाणी सोडलं काय?"

वन्सं हसल्या. भरती होती ती. आपल्या नीरेचं पाणी शिरगावाकडून निघालं की एकाच दिशेनं जातं, पार नरसिंगपूरला भीमेला मिळेपर्यंत. मांडवीचं तसं नाही. कर्नाटकात खानापूरच्या रानात ती उगवते, तिथं तिला म्हादई म्हणतात, सत्तरीतून खाली येते, आणि समुद्र जवळ आला की दिवसातून दोनदा उलटी चालायला लागते. समुद्र भरला की खारं पाणी नदीत वर चढतं, ओसरला की उतरतं. पणजीच्या काठाला उभं राहून आम्ही पाण्यात पडलेली नारळाची सोडणं बघत होतो. ती समुद्राकडून गावाकडं चालली होती. नदी उलटी वाहताना आम्ही जन्मात पहिल्यांदा बघितली.

त्या संध्याकाळी पणजीतून पलीकडं बेतीला जाणाऱ्या फेरीबोटीत दहा जणी बसलो. मावशी काठावर चपला सांभाळत राहिल्या, चपला आमच्या पायातच असताना! बोट म्हणजे कशी, ते सांगतो. आपल्या डोळ्यांसमोर होडी येते, तशी नाही. लोखंडाचं सपाट अंगण समजा. पुढं जाड फळी असते, ती धक्क्यावर पाडतात, तिच्यावरून माणसं, स्कूटर, मोटारी सरळ आत जातात. धक्कासुद्धा उतरता बांधलेला, म्हणजे भरती असो ओहोटी असो, फळी टेकायला जागा मिळतेच. सरकारच्या नदी परिवहन खात्याच्या बोटी आहेत. चालत येणाऱ्याला तिकीट नाही, सायकललाही नाही. आमच्यातल्या खजिनदार बाई दोनदा विचारून आल्या. त्यांचा विश्वासच बसेना.

मांडवीवर आता तीन पूल आहेत. पण १९८६ च्या पावसाळ्यात पहिला पूल कोसळला होता, आणि नवा पूल व्हायला १९९२ उजाडलं. तोवर पणजीची माणसं याच फेरीबोटींनी कामावर गेली, बाळंतिणी याच बोटींतून आल्या, असं वन्संच्या शेजारच्या आजी सांगत होत्या. तिसरा पूल, अटल सेतू, २०१९ साली सुरू झाला, त्यावर दुचाकीला मनाईच आहे. म्हणजे पूल झाले तरी बोट मोडीत काढली नाही.

काळोख पडल्यावर नदीत मोठमोठ्या बोटी लखलखायला लागल्या. पत्ते आणि पैसे लावायच्या बोटी त्या. "तिकडं जायचं का?" असं कुणीतरी गमतीनं विचारलं. खजिनदार बाई म्हणाल्या, "आपला गट बचतीचा आहे." विषय संपला.

शनिवारी उजाडताच भाड्याच्या सहा सायकली वन्संच्या दारात उभ्या. त्याआधी एक सायकल येऊन गेली होती, पाववाल्याची. तिथं त्याला पोदेर म्हणतात. मागं बांबूची मोठी टोपली, वर प्लॅस्टिकचं झाकण, आणि हँडलला रबरी भोंगा. पों पों केलं की बायका पिशव्या घेऊन दारात. कोंड्याच्या चपट्या पावाला तिथं पोळी म्हणतात, हे कळल्यावर आमच्यात बराच वेळ हशा चालला. पण एक गोष्ट डोक्यात राहिली. सायकल, टोपली आणि भोंगा एवढ्या भांडवलावर माणूस रोज सकाळी अख्ख्या वाड्याला नाष्टा पोचवतो. आमच्या गटातल्या दोघी नाचणीची बिस्किटं करतात आणि दुकानदारानं ठेवून घ्यावीत म्हणून वाट बघत बसतात. त्या दोघी पोदेराच्या मागं गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या, टोपलीत काय काय कसं रचलंय ते बघायला.

पणजीहून जुन्या गोव्याला जाणारा रस्ता नऊ-दहा किलोमीटरचा, जवळजवळ सगळा सपाट, नदीच्या कडेनं. सुरुवातीला रायबंदरपर्यंत पाण्यावरचा लांबच लांब बांध लागतो. सुमारे तीन किलोमीटर. पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधला, आपल्या शिवाजीमहाराजांचं वय तेव्हा तीन-चार वर्षांचं असेल. त्यावरून आजही वाहनं धावतात. डाव्या हाताला नदी, उजव्या हाताला मिठागरं आणि खारफुटी. ती झाडं चिखलात बोटं रोवून उभी असतात. वारा तोंडावर येत होता. सव्वीस वर्षांनी सायकल धरलेली आमची बाई सगळ्यांच्या पुढं. हाका मारल्या तरी थांबेना.

एक सूचना इथंच करतो. साडी नेसून सायकल चालवायची असेल तर पदर खोचा आणि निऱ्यांना पिन लावा. आमच्यातल्या एकीच्या निऱ्या चेनमध्ये गेल्या. साडीही फाटली आणि ती रायबंदरच्या रस्त्यात आडवीही झाली. गुडघा खरचटला, एवढ्यावर भागलं. बाकीच्या पाच जणी पंजाबी ड्रेसमध्ये होत्या. तिनं घरच्यांना कबूल केलं होतं की साडीच नेसेन. त्या रात्री तिनं वन्संचा ड्रेस घातला.

जुनं गोवं बघून आम्ही चक्रावलो. एवढी मोठी चर्चेस आणि आजूबाजूला वस्तीच नाही. नुसतं गवत आणि नारळ. एके काळी हे पूर्वेकडचं मोठं शहर होतं. मग रोगराई आली, पटकी, हिवताप, पुन्हा पुन्हा आली, माणसं मेली, उरलेली निघून गेली. शेवटी १८४३ मध्ये राजधानीच पणजीला गेली. बॉम जेझू चर्च १६०५ सालचं. सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव तिथं आहे. आम्ही डोकी झाकून आत गेलो, शांत बसलो. आमच्यातली एक म्हणाली, "पंढरीला बडव्यांच्या गडबडीत असं बसायलाच मिळालं नव्हतं." पटकन तिला गप्प केलं, पण म्हणाली ती खरंच.

चर्चच्या खालून रस्ता नदीकडं उतरतो, तिथं एक दगडी कमान आहे. पोर्तुगीज व्हाइसरॉय यायचे ते बोटीनं, आणि या कमानीतून शहरात शिरायचे. म्हणजे शहराचा दरवाजा नदीच्या बाजूला. आपल्याकडं वाड्याच्या दिंडीदरवाज्यासमोर रस्ता असतो, इथं दरवाज्यासमोर पाणी. वन्सं का म्हणाल्या होत्या की पाण्यातून बघा, ते तिथं कळलं. आम्ही रस्त्यानं आलो म्हणजे शहराच्या परसदारानं आलो.

कमानीच्या पुढं धक्का, आणि समोर दिवाडी बेट. बेटाला पूल नाही. बोट हाच रस्ता.

आता मावशींचं काय? आम्ही कुणी काही बोललो नाही. आधीच ठरवलं होतं, आग्रह करायचा नाही. दोन जणी त्यांच्याबरोबर थांबायला तयार होत्या. बोट लागली, स्कूटरी शिरल्या, आम्ही सायकली ढकलत आत गेलो. मावशी धक्क्याच्या वरच्या अंगाला उभ्या. तेवढ्यात मासळीची टोपली घेतलेली एक म्हातारी आली. दोन टोपल्या होत्या, एक डोक्यावर, एक हातात. तिनं मावशींकडं बघून कोंकणीत काहीतरी म्हटलं. जरा हात लाव, असा अर्थ असावा. मावशींनी टोपलीची दुसरी कडी धरली. बाई चालायला लागली, मावशी तिच्याबरोबर चालायला लागल्या. फळीवरून आत आल्या. टोपली खाली ठेवली. मागं वळल्या तर फळी वर उचललेली!

मावशींनी आमच्यातल्या एकीच्या सायकलचं कॅरिअर धरलं ते दोन्ही हातांनी. डोळे मिटलेले. पाच-सात मिनिटांचाच रस्ता, पण आम्हाला तो फार मोठा वाटला. मासळीवाली बाई शेजारी टोपलीवर पाणी शिंपडत उभी होती, तिला काही कल्पनाच नाही. बोट टेकली. मावशींनी डोळे उघडले आणि टोपलीची कडी पुन्हा धरली, तिला वरच्या रस्त्यापर्यंत पोचवून आल्या. एवढंच म्हणाल्या, "हलत नाही गं फार."

दिवाडीचा रस्ता आम्ही विसरणार नाही. दोन्ही बाजूंना भातखाचरं, भात कापून झालेलं, मधून मधून पाणी. आम्ही इंद्रायणी लावणाऱ्या बायका, त्यामुळं खाचर दिसलं की सायकल थांबणारच. पण खाऱ्या नदीच्या मधोमध भात कसा? एका घराच्या ओट्यावर बसलेल्या आजोबांनी सांगितलं. या जमिनीला खाजन म्हणतात. शेकडो वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी मिळून चिखलाचे बांध घालून ती नदीकडून मिळवली. बांधात लाकडी दाराची मोरी असते, तिला मानस म्हणतात. गंमत अशी की दार उघडायला-लावायला माणूस लागत नाही. भरती आली की बाहेरचं पाणी दार आत दाबून बंद करतं, खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी दाराला बाहेर ढकलतं आणि निघून जातं. त्याच दाराशी जाळं लावून मासळी धरतात. खाऱ्या पाण्याला दाद न देणारं कोरगूट नावाचं भात इथं पावसाळ्यात होतं.

बांध फुटला तर एकाचं शेत जात नाही, सगळ्यांचं जातं. म्हणून बांधाची राखण आणि डागडुजी अख्ख्या गावाची असायची. आता बांधाकडं पूर्वीसारखं लक्ष राहिलं नाही, तरुण पोरं बाहेर, कुठं कुठं खारं पाणी आत आलंय, असं आजोबा म्हणाले. त्यांनी हवा भरायचा पंप आणून दिला, कारण बोलता बोलता आमच्या एका सायकलचं मागचं चाक बसलं होतं. पंपानं काही झालं नाही. पंक्चरच होतं. पंक्चरवाला बेटावर त्या वेळी सापडेना.

मग सायकल ढकलत पिएदादची टेकडी चढलो. वर चर्च आहे, तिथून दोन्हीकडं नदी दिसते. टेकडी उतरल्यावर बेटाच्या दुसऱ्या टोकाला नार्व्याचा धक्का. बसवाल्या पाच जणी छोट्या बसनं आमच्या आधी पोचल्या होत्या.

इथं कदंब राजांची गाठ पुन्हा पडली, म्हटलं ना. कदंबांचं दैवत सप्तकोटेश्वर. त्याचं देऊळ पूर्वी दिवाडी बेटावरच होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडलं. लोकांनी लिंग नदीपलीकडं नेलं, डिचोलीच्या बाजूला, आणि तिथल्या जागेलाही नार्वे नाव पडलं. पुढं १६६८ मध्ये शिवाजीमहाराजांनी तिथलं देऊळ नव्यानं बांधवलं. आम्ही रायरेश्वराच्या तालुक्यातल्या. महाराजांनी बांधवलेल्या देवळात जायचं म्हटल्यावर थकवा पळाला. आणि सारखं मनात येत होतं की ते लिंग नेलं असेल ते होडीतूनच. नेणाऱ्यांत बायका असतील का? टोपलीची एक कडी धरायला तरी?

मावशी म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. पंक्चर सायकलजवळ कुणीतरी थांबायला पाहिजे." सायकल कोण नेणार होतं तिथून! पण आम्ही बरं म्हणालो. दहा जणी बोटीनं पलीकडं गेलो, रस्ता चढून देवळात पोचलो. देऊळ लहानसं, उतरत्या छपराचं, नुकतंच दुरुस्त केलेलं. गोव्यातल्या देवळासारखी समोर दीपमाळ. दारावर महाराजांच्या वेळचा शिलालेख. एकीनं सगळ्यांच्या वतीनं मावशींच्या नावानं बेल वाहिला. त्यांचं दर्शन राहिलं याची रुखरुख आम्हाला होती. त्यांना होती की नाही, ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

परत आलो तर मावशी धक्क्याच्या पायरीवर खलाशाशी बोलत बसलेल्या. मावशींना कोंकणी येत नाही, पण खलाशाला मराठी येत होती, आणि मावशी थांबणाऱ्यातल्या नाहीत. तासाभरात त्यांनी चार बोटी येता-जाताना बघितल्या होत्या. त्यांनी आम्हाला दाखवलं, कठड्याला टांगलेली लाल-पांढरी तरंगती कडी किती आहेत, तरंगणारी जाकिटं कुठं ठेवतात, बोट पूर्ण टेकून फळी पडेपर्यंत माणसांना पुढं सरकू देत नाहीत ते कसं. म्हणाल्या, "वारा आमच्या धरणावर असतो त्यापेक्षा इथं जास्त आहे. पाणी पण जास्त आहे. मग माणूस का मरत नाही?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "हे टांगलेलं आहे म्हणून."

जुन्या गोव्याकडं परत येताना मावशींनी सायकल धरली नाही. कठडा धरला. डोळे उघडे होते.

पंक्चर सायकलचे वेगळे पैसे द्यावे लागले, त्यावरून दुकानदाराशी थोडी बाचाबाची झाली. ते सोडून देऊ. रविवारी बाजार बघितला, थोडी कोकमं घेतली आणि रात्रीच्या गाडीनं निघालो.

तुमच्यापैकी कुठल्या गटाला जायचं असेल तर चार गोष्टी सांगून ठेवतो. उन्हाळा चढायच्या आत जा, आणि सायकल सकाळी दहापर्यंतच चालवा, नंतर दमट ऊन सोसत नाही. धक्क्यावर पोचल्या पोचल्या शेवटची बोट किती वाजता ते विचारून ठेवा, नाहीतर बेटावर रात्र काढायची वेळ येईल. पंक्चरचं सामान भाड्याच्या दुकानातूनच मागून घ्या. ओहोटीच्या वेळी धक्क्याची खालची बाजू शेवाळलेली असते, सायकल ढकलताना तोंडघशी पडाल.

आता घरी आल्यानंतरचं. मार्चच्या बैठकीत हिशोब वाचून झाला, चौऱ्याऐंशी रुपये शिल्लक निघाले. विषय पत्रिकेत नव्हता, तरी मावशी उठल्या. म्हणाल्या, "आमच्या माहेरच्या होडीत शाळेची पोरं बसतात. बाळंतीण बसते. एक जाकीट नाही. गोव्यात फुकट बोटीला आहे, आपल्याला पैसे देऊन नाही. हे कुणाला विचारायचं?" तीस वर्षं ज्या बाईनं त्या होडीचं नाव काढलं नव्हतं, तिनं हा विषय काढला. कुणाला पटकन उत्तर सुचलं नाही.

आम्ही ग्रामसंघातून अर्ज केला आहे, पलीकडच्या दोन गावांच्या गटांच्या सह्या घेऊन. होडीत किती माणसं बसवायची ते लिहून लावावं, जाकिटं आणि कडी द्यावीत, वारा असेल त्या दिवशी होडी सोडू नये, एवढंच मागितलंय. दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा साहेब नव्हते, दुसऱ्यांदा अर्ज दुसऱ्या खात्याकडं द्या म्हणाले. दिला. पोच घेतली आहे, ती वहीत लावली आहे. तोपर्यंत गटानं आपल्या नफ्यातून सहा जाकिटं घेऊन दिली. होडीवाल्या दादांना आधी राग आला, आपल्यावर अविश्वास दाखवला असं वाटलं त्यांना. आता तेच पोरांना सांगतात, आधी जाकीट, मग पाय आत. मोठी माणसं मात्र अजून घालत नाहीत. लाजतात. त्यावर काय करायचं ते आम्हालाही अजून सुचलेलं नाही. तुमच्याकडं कुणी काही केलं असेल तर या कार्यक्रमाला जरूर कळवा.

गटासाठी दोन जुन्या सायकली घेतल्यात. संध्याकाळी पाच ते साडेसहा शाळेच्या मैदानात शिकवतो, कुठल्याही गटातली कुणीही या, वयाची अट नाही. नाचणीच्या बिस्किटांना टोपली मिळाली आहे, भोंगा अजून मिळायचाय.

आणि मावशी यंदा भाऊबीजेला माहेरी होडीनं जाणार म्हणतायत. धरण तेव्हा भरलेलं असतं, पण वारा पडलेला असतो. बरोबर आमच्यातल्या दोघी जाणार आहेत. जाऊन आल्या की सांगू.